अल्बम, मणी आणि माझी जीभ

मॉन्टेसरी प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात सिद्ध झालं की मला चटई गुंडाळता येत नाही. तशी मी जन्मभर चटया गुंडाळत आले होते. पण आमच्या प्रशिक्षक बाई जमिनीवर गुडघे टेकून बसल्या, चटईची कड दोन्ही हातांनी धरली, थोडी गुंडाळली, थांबल्या, दोन्ही टोकं तळहातांनी सारखी केली, पुन्हा थोडी गुंडाळली, पुन्हा थांबल्या. शेवटी ती घट्ट सुरळी उभी धरून त्यांनी कोपऱ्यात नेऊन ठेवली. एवढ्या सगळ्यात एक शब्द नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या, आता तुम्ही." मी बसले आणि सवयीनं बोलायलाच लागले, "आधी कड अशी धरायची, मग हळूहळू..." बाईंनी मला थांबवलं. "मुलानं तुमच्या हाताकडे बघायचं की तोंडाकडे? एका वेळी एकच होईल."

मी ११ वर्षं तिसरी-चौथीला शिकवत होते. तोंड हेच माझं हत्यार. फळा, खडू आणि आवाज एवढ्या भांडवलावर मी भरगच्च वर्ग ओढत होते, आणि बरा ओढत होते. "बाई समजावून फार छान सांगतात" ही माझी ख्याती. तरी दरवर्षी मोठ्या भागाकाराशी गाडी आली की तेच व्हायचं. पायऱ्या सगळ्यांच्या पाठ, पण उत्तरात मधे शून्य यायचं असलं की निम्म्या वर्गाचं ते शून्य गायब. मी पुन्हा समजावून सांगायची. आणखी छान. पुन्हा शून्य गायब. माझ्या छान सांगण्याचा आणि मुलांच्या कळण्याचा काही संबंध आहे का, ही शंका एकदा आली की जात नाही. शेवटी रजा काढली आणि ६ ते १२ वयोगटासाठीच्या मॉन्टेसरी शिक्षणाच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेला नाव घातलं.

"पण तुझी मुलं तर मोठी आहेत ना?" हे पाच-सहा जणांनी तरी विचारलं. मॉन्टेसरी म्हणजे बालवाडी, गुलाबी मनोरा आणि बटणं लावायच्या चौकटी, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. त्यात लोकांची चूक नाही. मारिया मॉन्टेसरींनी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं ते ६ जानेवारी १९०७ला, आणि ते शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांसाठीच होतं. मोठ्या मुलांचं काम नंतर वाढत गेलं आणि त्याचा मोठा भाग भारतात घडला, हे मला त्या वर्गात बसेपर्यंत ठाऊक नव्हतं. १९३९ साली त्या शिक्षकांचा वर्ग घ्यायला मद्रासच्या अड्यारला आल्या. जून १९४०मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी त्या आणि त्यांचे चिरंजीव मारिओ रातोरात शत्रूच्या गोटातले झाले. मारिओंना चक्क अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं होतं. आईच्या ७०व्या वाढदिवसाला, ३१ ऑगस्टला, त्यांना सोडलं. पुढे दोघं कोडाईकनालला राहिले आणि तिथे वेगवेगळ्या वयाच्या मुलांबरोबर काम करता करता ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीचं पुष्कळसं साहित्य आणि विश्वापासून सुरू होणारा अभ्यासक्रम आकाराला आला. हे ऐकून आम्ही उगाचच थोडे ताठ बसलो.

ते ताठ बसणं दुपारपर्यंत टिकलं. दुपारी अल्बम सुरू झाले.

अल्बम म्हणजे फोटोंचा नव्हे. शिक्षकानं स्वतः लिहायचा ग्रंथच तो. गणित, भूमिती, भाषा, भूगोल, जीवशास्त्र, इतिहास, संगीत, चित्रकला आणि बालविकासाचं तत्त्वज्ञान, प्रत्येकाचा वेगळा. बाई सकाळी एखादं साहित्य मांडून दाखवायच्या, आम्ही भराभर टिपणं काढायचो, आणि रात्री ते पाठ शुद्ध भाषेत लिहून काढायचे: साहित्य काय, उद्देश काय, आधी मुलाला काय यायला हवं, कुठली वस्तू कुठल्या हाताला, पहिलं वाक्य कोणतं. शेजारी आकृती, ठरलेल्या रंगांत. एकक हिरवा, दशक निळा, शतक लाल, आणि हजाराला पुन्हा हिरवा, कारण हजार म्हणजे पुढच्या घराण्यातला एकक. मी एकदा रात्री एक वाजता शतकाचे ठोकळे निळे रंगवले. अल्बम परत आला तेव्हा त्या पानावर लाल शेऱ्यात फक्त एक प्रश्नचिन्ह होतं. ते पान मी पूर्ण पुन्हा लिहिलं आणि मनातल्या मनात बाईंशी कडाकडा भांडले.

भांडण्याचा मुद्दा एवढाच नव्हता. मुलाला स्वातंत्र्य, मुलाची निवड, मुलाची गती, असं सकाळी तीन तास ऐकायचं. आणि आम्ही? आम्ही रांगेत बसून सांगितलं ते उतरवून घेत होतो. बालकेंद्री शिक्षणाचं प्रशिक्षण इतकं प्रशिक्षककेंद्री असावं, ही गंमत आहे की लबाडी, असं मी एकदा चहाच्या सुट्टीत विचारलं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "आपण मुलं नाही म्हणून." सगळे हसले, मीही हसले, पण ती तक्रार मी अजून पूर्ण मागे घेतलेली नाही. अर्धी घेतली. ती का घेतली ते सांगायचं तर नळ्यांपाशी यावं लागेल.

मोठ्या भागाकाराचं साहित्य म्हणजे सात रॅक, प्रत्येकात १० काचेच्या नळ्या, प्रत्येक नळीत १० मणी. आम्ही त्याला नुसतं 'नळ्या' म्हणायचो. शिवाय खड्डे पाडलेल्या लाकडी पाट्या आणि बाहुलीसारख्या छोट्या लाकडी सोंगट्या. सोंगट्या म्हणजे वाटेकरी. बाईंनी ६८४८ भागिले ३२ मांडलं. वाट्यांमध्ये सहा हजारांचे मणी, आठ शतकांचे, चार दशकांचे, आठ एककांचे. ३२ म्हणजे एका पाटीवर तीन निळ्या सोंगट्या आणि दुसरीवर दोन हिरव्या. इथे बाई पहिल्यांदा बोलल्या. निळ्या सोंगटीवर बोट ठेवून, "ही एकटी नाही. हिच्यामागे दहा जण उभे आहेत." मग त्यांनी हजाराचा एक मणी त्या सोंगटीखाली ठेवला आणि लगेच शतकाचा एक मणी हिरवीखाली. दहा जणांना मिळून हजार, तर एकट्याला शंभर. बस्स.

असे दोन फेरे झाले आणि हजाराचे मणी संपले. तिन्ही निळ्यांकडे दोन-दोन हजार, दोन्ही हिरव्यांकडे दोन-दोन शतकं. वाटीत शतकाचे चार मणी उरले. एका माणसाला काय मिळालं? दोनशे. उत्तराचा पहिला आकडा २. मग वाट्या एक घर सरकल्या. आता निळ्यांना शतकं आणि हिरव्यांना दशकं. एक फेरा होतो, दुसऱ्याला शतकाचा एकच मणी उरतो. म्हणून १. उरलेलं एक शतक मोडून दहा दशकं घेतली, त्यात आधीची दोन, झाली १२. निळ्यांना चार-चार, हिरव्यांना चार-चार एकक, आणि वाट्या रिकाम्या. २१४.

मी खुर्चीत हलले नाही. "बत्तीसचा भाग अडुसष्टला, बत्तीस दुणे चौसष्ट, वरचा चार खाली" हे मी हजार वेळा म्हटलं असेल. आकडा खाली का येतो, हे मला कुणी विचारलं असतं तर मी आणखी छान म्हणून दाखवलं असतं. आणि इथे एक बाई दहा मिनिटांत जेमतेम चार वाक्यं बोलून मोकळ्या झाल्या. ही चार वाक्यं नेमकी तीच असावी लागतात. "ही एकटी नाही" याच्या जागी तुम्ही स्थानिक किमतीवर दोन मिनिटं भाषण दिलंत तर मण्यांकडे बघणारं मूल तुमच्याकडे बघायला लागतं, आणि मग मणी निव्वळ शोभेचे. अल्बममध्ये पहिलं वाक्य कोणतं ते का लिहायचं, ते त्या दिवशी कळलं. तक्रार अर्धी मागे घेतली ती तेव्हा.

अपूर्णांकांचा भागाकारही असाच डोक्यावर आपटला. 'उलटा करा आणि गुणा.' का? माहीत नाही, पण मार्क मिळतात. तिथेही सोंगट्याच, फक्त उभ्या कापलेल्या. तीन चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश म्हणजे अर्ध्या सोंगटीला तीन चतुर्थांश मिळाले. मग अख्ख्या सोंगटीला? तिचा दुसरा अर्धा शेजारी आणून ठेवा आणि त्यालाही तेवढंच द्या. सहा चतुर्थांश. भागून उत्तर मोठं का येतं, हा प्रश्न मला मुलांनी अनेकदा विचारला होता आणि मी "नियमच आहे तो" म्हणून खाली बसवलं होतं. त्या मुलांची मला क्षमा मागावीशी वाटली. त्यातली काही आता अभियंते झालीत म्हणे, तेव्हा नुकसान तसं झालेलं दिसत नाही.

इतिहास आणि जीवशास्त्राच्या अल्बमांबद्दल फार सांगत नाही. ते लिहिण्यापेक्षा रंगवणंच जास्त होतं. या वयाच्या मुलाला आधी अख्खं विश्व द्यायचं, तपशील नंतर, हा त्यामागचा विचार. म्हणून वर्षाची सुरुवात पाच मोठ्या गोष्टींनी होते: विश्वाची, सजीवांची, माणसाची, लिपीची, अंकांची. पहिल्या गोष्टीला तक्ते आणि छोटे प्रयोग असतात. पाण्यावर टाकलेले कागदाचे कपटे आपोआप एकमेकांकडे सरकतात, ते बघताना आमच्यासारखी घोडी माणसंही श्वास रोखून बसली होती. सजीवांच्या गोष्टीला लागणारी लांबलचक कालपट्टी आम्हालाच रंगवायची होती. माझे ट्रायलोबाइट, म्हणजे प्राचीन समुद्रातले कवचवाले जीव, फार सुबक उतरले, म्हणून मी हौसेनं पुढेही काढत गेले. बाई पट्टीशी वाकल्या आणि डायनोसॉरांच्या पायाशी निवांत बसलेल्या माझ्या ट्रायलोबाइटवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे अजून आहेत वाटतं?" ते २५ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते. पांढऱ्या रंगाखाली ते आजही हलकेसे दिसतात.

भाषेचा अल्बम मात्र आमचा आम्हालाच घडवावा लागला, आणि वर्षातला सगळ्यात जिवंत भाग तो होता. या पद्धतीत शब्दांच्या जातींना आकार असतात. नाम म्हणजे मोठा काळा त्रिकोण, न हलणारा. क्रियापद म्हणजे लाल गोल, सतत घरंगळणारा. विशेषण नामाच्याच गोत्रातलं, म्हणून तेही त्रिकोण, पण निळा. क्रियाविशेषण लहान नारिंगी गोल. मुलं वाक्याच्या वर हे आकार ठेवत जातात. मूळ मांडणी युरोपातल्या भाषांची. त्यात 'द' आणि 'अ' यांच्यासाठी एक चिमुकला फिकट निळा त्रिकोण आहे. तो आम्ही पहिल्याच दिवशी डब्यात परत टाकला. खरी पंचाईत हिरव्या चंद्रकोरीची. ती दोन नामांना जोडणाऱ्या शब्दाची खूण, आणि नामाआधी सुटा येणारा शब्द गृहीत धरून केलेली. आपल्याकडे तो शब्द नामाच्या मागे येतो आणि नुसता येत नाही, चिकटतो. 'झाडाखाली'. आता त्रिकोण कुठे ठेवायचा आणि चंद्रकोर कुठे?

तीन दुपारी आम्ही यावर वाद घातला. एकीचं म्हणणं, पूर्ण शब्दावर दोन्ही खुणा शेजारी शेजारी ठेवाव्यात. दुसरीला ते अळणी वाटत होतं. मग एका सहाध्यायानं, जो सरावात नेहमी द्वाड मुलाचं काम मनापासून करायचा, कात्री घेतली आणि पट्टीवरचा शब्दच कापला. एका हातात 'खाली'. दुसऱ्या हातात 'झाडा'. तो तुकडा वर धरून म्हणाला, "ताई, झाडा असा शब्दच नसतो." आम्ही सगळे गप्प झालो. सामान्यरूप! व्याख्या पाठ करवून घेऊन आम्ही जे वर्षानुवर्षं शिकवत होतो, ते कात्रीच्या एका घावात टेबलावर पडलं होतं. झाडा, घोड्या, भिंती, फुला... काय बदललं, कशात नाही बदललं, मुलाला शोधायला आठवडाभर पुरेल. बाईंनी तो पाठ तसाच अल्बममध्ये घ्यायला सांगितला. ज्या वर्षात मला सांगितलेलं उतरवून काढण्याचा राग येत होता, त्या वर्षातली ही तीन पानं आमची स्वतःची आहेत. कापलेली पट्टी मी त्यात चिकटवून ठेवली आहे.

मराठी आकड्यांचाही असाच एक सल निघाला. आपण 'बेचाळीस' म्हणतो तेव्हा दोन आधी उच्चारतो आणि चाळीस मागून. लिहिताना चार आधी. मूल ऐकलं तसं लिहितं, २४. त्याला आपण निष्काळजी म्हणतो. मण्यांनी हे चटकन सुटतं, कारण चार दांड्या आणि दोन सुटे मणी समोर असले की कोण आधी उच्चारलं यानं फरक पडत नाही.

दिवाणखान्यात बसून दुसऱ्याचा संसार बघावा तसे निरीक्षणाचे आठवडे आले. वर्गात एका कोपऱ्यात बुटक्या खुर्चीवर बसायचं, मुलांशी बोलायचं नाही, हसायचंही नाही, आणि दिसेल ते लिहायचं. दिसेल तेच. माझ्या पहिल्या वहीत "मुलगी कंटाळली" असं वाक्य होतं. त्यावर शेरा: "हे तुम्हाला दिसलं कसं?" मग मी लिहायला शिकले: "डोकं डाव्या हातावर टेकलं. खिडकीकडे बघितलं, ४ मिनिटं. पेन्सिल फिरवली. पुन्हा वहीकडे वळली, एक ओळ लिहिली." चार मिनिटं खिडकीकडे बघून ती परत आली होती. मी वर्गात असते तर पहिल्या मिनिटालाच तिला हाक मारली असती.

एक सकाळ विशेष लक्षात आहे. तीन तासांच्या अखंड कामाचा वर्ग. पहिला तास-सव्वा तास छान गेला आणि मग एकदम बाजारच भरला. दोघं विनाकारण फिरायला लागले, कुणीतरी नळ्या खडखडवल्या, तिघी खिदळत होत्या. माझे हात शिवशिवायला लागले. या क्षणी मी हमखास टाळी वाजवून "सगळ्यांनी जागेवर!" म्हटलं असतं. वर्गाच्या ताई एका मुलाजवळ बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, वर्गभर नजर फिरवली आणि पुन्हा मान खाली घातली. मी घड्याळ लावून बसले. १४ मिनिटं. मग कुणीही काही न म्हणता फिरणाऱ्यांपैकी एकानं नकाशा काढला, खिदळणाऱ्या तिघींतली एक उठून गेली, आणि त्यानंतर जे काम सुरू झालं ते सकाळच्या कामापेक्षा खोल होतं. पुस्तकात याला खोटा थकवा म्हणतात. मॉन्टेसरींनी मुलांच्या कामाचे आलेख काढताना तो नोंदला होता. आलेख मी आधी पाहिला होता, परीक्षेपुरता पाठही केला होता. पण मधल्या त्या खळग्यात शांत बसणं किती कठीण असतं, ते आलेखात दिसत नाही.

हे सगळं कळल्यावर मी सरावपाठात शहाण्यासारखी वागले असेन, असं वाटत असेल तर ऐका.

नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याबरोबर त्रिकोणाचे कोन करत होता. कागदाचा त्रिकोण कापायचा, तिन्ही कोपरे फाडायचे आणि टोकं एका बिंदूशी आणून शेजारी शेजारी लावायची. त्यानं पहिला त्रिकोण लावला. कडा सरळ रेषेत आल्या. तो काही बोलला नाही, दुसरा त्रिकोण कापायला घेतला, मुद्दाम वेडावाकडा, एक कोन सुईसारखा. कोपरे फाडले. पुन्हा सरळ रेषा. त्याच्या भुवया वर गेल्या. तिसरा कापताना तो जिभेचं टोक बाहेर काढून इतका रंगला होता की मला राहवलं नाही. "बघ, दरवेळी १८० अंशच येतात की नाही!"

त्यानं कात्री खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, अगदी सभ्यपणे. "मग झालंच की," म्हणाला, आणि कपटे गोळा करून टोपलीत टाकून निघून गेला. तिसरा त्रिकोण अर्धा कापलेला माझ्या हातात.

मार्गदर्शक बाई मागे बसून लिहीत होत्या. त्यांनी नंतर मला वही दाखवली. माझ्या वाक्याची वेळ लिहिली होती, त्याच्या वाक्याची वेळ लिहिली होती. मत कुठेच नव्हतं. मतापेक्षा ते जास्त लागलं.

पदव्युत्तर असल्यामुळे एक मोठा निबंधही लिहायचा होता. मी मुद्दाम विरोधकाला निवडलं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ साली या पद्धतीवर कडक टीका केली होती: साहित्याचा वापर ठरीव, त्यात कल्पनेला आणि एकत्र मिळून करायच्या कामाला वाव अपुरा. मला वाटलं होतं, हे वाचून बाई नाराज होतील. उलट त्यांनी आणखी वाचायला दिलं. माझं मत असं बनलं की ठरीवपणाचा आक्षेप पूर्ण खोटा नाही. साहित्याची पोथी करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मूल मण्यांचा किल्ला बांधायला लागलं की ते कासावीस होतात. पण ६ ते १२ च्या वर्गात मुलं एकेकटी बसतच नाहीत मुळी. या वयात मुलांना टोळी लागते, न्याय-अन्यायावर तासन्तास भांडायला लागतं, 'का' विचारायला लागतं. किलपॅट्रिक यांनी टीका केली तेव्हा हा वयोगट डोळ्यांसमोर फारसा नव्हता. निबंधाला मार्क बेताचेच पडले. माझ्या मते चांगला होता.

तोंडी परीक्षेत चिठ्ठी उचलायची. मला वर्गमूळ आलं, खुंट्यांच्या पाटीवरचं. समोर परदेशी परीक्षक मूल होऊन बसल्या, आणि मूल म्हणून त्या आमच्या द्वाड सहाध्यायापेक्षा बऱ्याच सज्जन होत्या. हात किंचित थरथरत होते, एक खुंटी घरंगळून टेबलाखाली गेली. मी वाकून उचलली, जागेवर लावली, आणि पुढे गेले. "सॉरी" म्हटलं नाही. वर्षभरापूर्वी त्या खुंटीवर मी तीन वाक्यं खर्च केली असती.

जूनमध्ये मी माझ्या जुन्या वर्गात परतले. तोच वर्ग, तेच वेळापत्रक, ३५ मिनिटांच्या तासिका. तीन तासांचा अखंड वेळ, मिश्र वयाचा गट, भिंतभर साहित्य, यातलं काही नाही. जे शिकून आले त्यातलं किती इथे बसेल याचा हिशेब मी पहिले दोन महिने रोज करायचे आणि रोज वेगळं उत्तर यायचं. शेवटी मागच्या कोपऱ्यात दोन चटया आणि एक बुटकं टेबल मिळवलं. नळ्यांच्या जागी झाकणाच्या छोट्या बाटल्या, पाटीच्या जागी चौकटी आखलेला पुठ्ठा, सोंगट्या मातीच्या. आठवड्यातून दोनदा, सलग दोन तासिका, पाच-पाच मुलं. बाकीचा वर्ग तेव्हा लेखन करतो. आदर्श नाही. चालतं.

गेल्या आठवड्यात तिथे एक मुलगा ६१८ भागिले ३ करत होता. तोच तो, मधलं शून्य गायब करणाऱ्यांपैकी. सहा लाल मणी वाटून झाले, प्रत्येकाला दोन. वहीत २ लिहिला. मग निळ्या वाटीत हात घातला, तर मणी एकच. वाटेकरी तीन. त्यानं तो पहिल्या सोंगटीखाली ठेवला, दुसरीकडे बघितलं, परत उचलला. तिसरीखाली ठेवून बघितला. परत उचलला. "हा कुणालाच देता येत नाही," तो स्वतःशीच म्हणाला.

म्हणून तिथे शून्य. हे तीन शब्द माझ्या ओठांवर येऊन उभे राहिले. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले, जणू काही बोलणं हातांतूनच बाहेर पडणार होतं. तो मणी दोन बोटांत धरून वहीकडे बघत बसला. २च्या पुढच्या रिकाम्या चौकटीवर पेन्सिल टेकवली, उचलली. घंटा झाली. बाकीची चारही मुलं दप्तरं भरायला पळाली.

"बाई, हे आवरू?"

"तुला काय वाटतं?"

"नको," तो म्हणाला. "उद्यापर्यंत असंच राहू दे." आणि निळा मणी वाटीत परत न टाकता त्यानं तो वहीतल्या त्या रिकाम्या चौकटीवर ठेवला, वही उघडीच ठेवली आणि गेला. मी कागदाच्या चिटोऱ्यावर 'हलवू नये' लिहून वाटीला टेकवून ठेवलं.